पहिल्या क्रमांकावरून घरी

श्रोतेहो, नमस्कार.

23 मार्च 2022 ची सकाळ. आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळची बॅच सुटली होती, मुलं बूट बदलत होती. तेवढ्यात एका मुलाचे वडील हातातला फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "सर, हे वाचलंत का? हिला वेड लागलंय का?" बातमी ऑस्ट्रेलियाच्या ॲश बार्टीची होती. महिला टेनिसच्या एकेरीत जगात पहिला क्रमांक. पंचवीस पूर्ण, सव्विसावा वाढदिवस महिन्यावर आलेला. दोनच महिन्यांपूर्वी तिने स्वतःच्या देशात ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. आणि आता ती म्हणत होती, मी थांबते.

त्या गृहस्थांचा हिशेब सरळ होता. तोवर तिने एकेरीची 15 विजेतेपदं मिळवली होती आणि बक्षिसांचे सुमारे 2 कोटी 38 लाख डॉलर. जाहिरातींचे पैसे वेगळेच. एकट्या 2019 च्या वर्षअखेरीच्या स्पर्धेत, चीनमधल्या शेन्झेनला, तिला 44 लाख 20 हजार डॉलर मिळाले. तोवर टेनिसमध्ये कुणालाही एका स्पर्धेचे एवढे पैसे मिळाले नव्हते. अजून पाच-सात वर्षं खेळली असती तर? ते आकडे मांडत होते आणि मी मान डोलावत होतो. खरं सांगतो, त्या सकाळी माझ्याही तोंडून निघून गेलं, "वाया घालवलंन हो सगळं."

हा 'वाया' शब्द मला नंतर फार टोचला. का टोचला ते पुढे सांगतो. आधी ही मुलगी.

क्वीन्सलंडमधल्या इप्सविच गावची. वडिलांकडून तिचं नातं न्गारिगो या आदिवासी समाजाशी जोडलेलं. घराच्या भिंतीवर तासन्‌तास चेंडू मारत बसणारी पोर. चार-पाच वर्षांची असताना तिला ब्रिस्बेनला जिम जॉइस नावाच्या प्रशिक्षकांकडे नेलं. इतक्या लहान मुलांना ते सहसा घेत नसत. पण त्यांनी टाकलेला पहिलाच चेंडू हिने त्यांच्याकडे सणसणीत परत मारला, आणि त्यांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात ये. मी 22 वर्षं मुलांना शिकवतोय, म्हणून सांगतो. असा एखादा चेंडू, असं एखादं फूल रॅकेटवरून सुटताना जो आवाज होतो ना, तो शिकवणाऱ्याला पाठ फिरवलेली असली तरी कळतो. त्या दिवशी रात्री झोप येत नाही.

पंधराव्या वर्षी, 2011 मध्ये, तिने विम्बल्डनची मुलींची स्पर्धा जिंकली. झालं. सगळ्या देशाला पुढची इव्हॉन गूलागाँग मिळाली, ऑस्ट्रेलियाची जुनी विम्बल्डन विजेती, तीही आदिवासीच. सतराव्या वर्षी केसी डेलाक्वाबरोबर ती एकाच मोसमात तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी तीन स्पर्धांच्या दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, नशीब असावं तर असं. पण ऑस्ट्रेलियातल्या टेनिसपटूचं एक वेगळं दुखणं असतं. बहुतेक स्पर्धा युरोपात नाहीतर अमेरिकेत. स्पेनचा किंवा फ्रान्सचा खेळाडू हरला तर संध्याकाळच्या विमानाने घरी जाऊन आईच्या हातचं जेवतो. ब्रिस्बेनची मुलगी हरली तर हॉटेलच्या खोलीत पुढच्या स्पर्धेची वाट बघत बसते. त्या काळात एका अख्ख्या वर्षात बार्टी घरी राहिली ती फक्त 27 दिवस. सोळा-सतरा वर्षांची पोर, श्रोतेहो. आपल्याकडे बारावीला होस्टेलवर ठेवलेल्या मुलीलासुद्धा दर पंधरवड्याला डबा घेऊन कुणीतरी भेटून येतं.

2014 च्या अमेरिकन ओपननंतर तिने टेनिस सोडलं. अठरा वर्षांची होती. ही पहिली सुट्टी. तिच्या सगळ्या गोष्टीत मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

तिने काय केलं? ती क्रिकेटकडे गेली. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला खेळाडूच्या आयुष्याबद्दल काही सांगायला म्हणून ती भेटली होती. तिथे तिला जे दिसलं ते तिच्या खेळात नव्हतं. एका खोलीत अकरा-बाराजणी. एकीचा झेल सुटला तर दुसरी पाठीवर थाप मारतेय, सामना हरल्यावर सगळ्या मिळून हरतायत. टेनिसमध्ये हरलेला माणूस एकटा बॅग उचलतो. तिने क्वीन्सलंडच्या प्रशिक्षकांकडे जाऊन विचारलं, मला खेळता येईल का? कधी रीतसर क्रिकेट खेळलेली नाही. पहिल्याच सरावात तिच्या बॅटीला चेंडू जवळजवळ चुकेनाच, हे ते प्रशिक्षक पुढे कौतुकाने सांगत. 2015-16 मध्ये महिलांची बिग बॅश लीग पहिल्यांदा सुरू झाली, त्यात ती ब्रिस्बेन हीटकडून खेळली. मेलबर्न स्टार्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात 27 चेंडूंत 39 धावा. त्यानंतर मोठी खेळी काही झाली नाही, आणि त्याचं तिला फार वाईटही वाटलं नसावं. शनिवारी क्लबकडून खेळायचं, मैदानावर मैत्रिणींबरोबर हसायचं, रात्री आपल्या घरी झोपायचं. हरवलेलं वय ती परत जगत होती.

आणि मग 2016 च्या सुरुवातीला ती आपल्या पायांनी टेनिसकडे परतली. कुणी ओढून आणलं नाही. एकेरीच्या क्रमवारीत नावच नव्हतं, छोट्या स्पर्धांपासून सुरुवात केली. क्रेग टायझर हे नवे प्रशिक्षक मिळाले आणि 2017 संपताना ती जगात सतराव्या क्रमांकावर होती.

हे कसं झालं? माझं उत्तर असं की, गेली तेव्हा तिच्या तोंडावर कुणी दार लावलं नव्हतं. आईवडिलांनी "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हा पाढा वाचला नाही. जिम जॉइस यांनी तिला नापास ठरवलं नाही. दार उघडं राहिलं, म्हणून ती परत येऊ शकली.

याच्या उलट ब्योन बोर्गचं झालं. पाच वेळा लागोपाठ विम्बल्डन जिंकलेला हा स्वीडिश खेळाडू 1982 मध्ये म्हणत होता, मला वर्षाला थोड्याच स्पर्धा खेळू द्या. टेनिस चालवणाऱ्यांनी त्याला नियम दाखवला. ठरलेल्या संख्येइतक्या स्पर्धा खेळणार नसशील तर पात्रता फेरीतून ये. पात्रता फेरी, बोर्गला! 1983 च्या जानेवारीत त्याने खेळच सोडला, वय 26. आठ वर्षांनी तो माँटे कार्लोला परत आला, तो जुनी लाकडी रॅकेट घेऊन. तोवर सगळं जग नव्या रॅकेटनं खेळायला लागलं होतं. पहिला सामना तो सरळ हरला, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला एकही सामना जिंकता आला नाही. ते आठवलं की अजून गलबलतं.

बार्टीकडे वळू. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, टेनिसच्या मानाने लहानच. समोर ताडमाड उंच, दोन्ही हातांनी तोफा डागणाऱ्या मुली. हिचं हत्यार म्हणजे एका हाताने कापलेला बॅकहँड स्लाइस. चेंडू जाळीवरून जेमतेम जातो आणि टप्पा पडल्यावर उसळतच नाही, गवतावरून घसरत येतो. समोरचीला गुडघे वाकवून तो जमिनीलगत उचलावा लागतो, आणि मग तोफेची सगळी ताकद संपते. दहा फटके असे खाल्ले की अकरावा आपोआप चुकतो. यूट्यूबवर सापडले तर जरूर बघा. आवाज बंद करून फक्त तिचे पाय बघा.

2019 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली आणि त्याच जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. इव्हॉन गूलागाँगनंतर ऑस्ट्रेलियाची कुणीच महिला तिथे गेली नव्हती, त्याला 43 वर्षं झाली होती. जिंकली की ती "आम्ही" म्हणायची. आम्ही चांगले खेळलो, आम्हाला आनंद झाला. कोर्टावर एकटीच असायची, पण बोलताना सगळी माणसं तिच्याबरोबर असायची. क्रिकेटच्या खोलीतून आणलेलं हे लेणं असावं, असं मला वाटतं.

2021 साल मात्र कठीण होतं. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियात परत शिरायचं तर दोन आठवडे हॉटेलात कोंडून घ्यावं लागे. त्यामुळे मार्चमध्ये निघालेली बार्टी सप्टेंबरमधल्या अमेरिकन ओपननंतरच घरी परतली. फ्रेंच ओपनमध्ये कमरेच्या सांध्याचं दुखणं उफाळलं, दुसऱ्याच फेरीत सामना अर्धवट सोडावा लागला. बरं व्हायला दोन महिने लागतील असं दुखणं, आणि विम्बल्डन चार आठवड्यांवर. तिच्या माणसांनी दुखण्याचं खरं गांभीर्य तिला सांगितलंच नाही. ते तिला विम्बल्डन जिंकल्यावर कळलं. गूलागाँगच्या 1971 च्या विजयाला त्या वर्षी 50 वर्षं होत होती, आणि तिच्यासारखाच झालरीच्या काठाचा पोशाख घालून ही खेळली. लहानपणापासूनचं एकच स्वप्न होतं, ते पूर्ण झालं. तेव्हाच काहीतरी सुटलं, असं तिने पुढे सांगितलं. थोडंसं राहिलं होतं, ते म्हणजे घरच्या मैदानावरची ऑस्ट्रेलियन ओपन. 29 जानेवारी 2022 ला अंतिम सामन्यात डॅनिएल कॉलिन्सविरुद्ध दुसऱ्या सेटमध्ये 1-5 अशी पिछाडी भरून काढून तीही जिंकली. 1978 नंतर एकेरीत घरच्या माणसाच्या हाती हा चषक आला नव्हता. तो द्यायला समोर आली ती इव्हॉन गूलागाँग, बार्टीला आधी काही कल्पना न देता. आणि समालोचन करणारी केसी डेलाक्वा धावत येऊन तिच्या गळ्यात पडली.

निवृत्तीही तिने याच केसीला सांगितली. घरगुती गप्पा माराव्यात तशा दोघी बसल्यात, असा व्हिडिओ होता. ती म्हणाली त्याचा आशय असा. सगळ्यांत वर राहायला किती कष्ट लागतात ते मला ठाऊक आहे. ते कष्ट करायची शरीराची ताकद आणि मनाची ओढ आता माझ्यात उरलेली नाही. मी रिती झालेय. प्रशिक्षक टायझर यांना याचा धक्का बसला नाही, त्यांना ते येताना दिसलं होतं. तिने क्रमवारीतून स्वतःचं नावही काढून घ्यायला सांगितलं आणि एप्रिलमध्ये पोलंडची इगा श्वियाँतेक पहिल्या क्रमांकावर आली. 121 आठवडे ती जागा जिची होती, ती मुलगी ब्रिस्बेनजवळ गोल्फ खेळत होती.

आपल्याकडे विजय मर्चंट यांच्या नावावर एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की, लोकांनी "का सोडलंस?" विचारावं तेव्हा सोडावं, "का सोडत नाहीस?" विचारायची वेळ आणू नये. मर्चंट यांनी 1951 मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध 154 धावा केल्या, तीच त्यांची शेवटची कसोटी. चाळीस वर्षांचे होते, त्याच सामन्यात खांदा दुखावला होता. ते वाक्य मीही शंभरदा मुलांना ऐकवलंय. पण त्यात लोक काय म्हणतील हीच मोजपट्टी आहे. बार्टीने लोकांना विचारलंच नाही. तिने आत डोकावून पाहिलं, आपलं भांडं किती भरलंय ते. बाहेरून आपल्याला चषक दिसतो. भांडं फक्त तिलाच दिसतं.

आता त्या टोचणाऱ्या शब्दाकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी खेळायची. राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली, पहाटे सर्वांच्या आधी यायची. हॉलची किल्ली मागच्या जिन्याखाली खिळ्याला असते, ती काढून दार उघडायचं, दिवे लावायचे, जाळी ताणायची. सोळाव्या वर्षी एक दिवस आली आणि म्हणाली, "सर, मला आता नको वाटतं." आणि मी काय म्हणालो? "सहा वर्षं वाया घालवलीस." तिने काही उत्तर दिलं नाही. बूट पिशवीत घातले आणि गेली. नंतर बाजारात दिसली तरी ती रस्त्याच्या पलीकडून जायची.

पहाटे साडेपाचला अंधारात येऊन एकटीने जाळी ताणणारी मुलगी. तिचं वाया काय गेलं होतं? माझे मनसुबे गेले होते, तिचं काही नाही. तिने खेळ सोडला आणि दार मी लावून घेतलं.

हे भाषण लिहायला बसलो तेव्हा तिचा नंबर शोधला. आता पुण्यात नोकरी करते. आधी माफी मागितली, नीट जमली नाही. मग इकडचं तिकडचं बोललो, आईची तब्येत, पाऊस. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "सर, किल्ली अजून जिन्याखालीच असते का?"

म्हटलं, "असते."

नमस्कार.