खाडीने राखलेले रस्ते

मंडळी, नमस्कार.

कोकणात सायकलीसाठी शांत रस्ते कुठे आहेत, असं लोक मला सारखं विचारतात. पूर्वी मुंबई-पुण्याचे विचारायचे, आता चिपळूण-रत्नागिरीची पोरंही विचारतात. मी त्यांना सांगतो, नकाशा उघडा आणि रस्त्यांच्या आधी नद्या बघा.

रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीपासून समुद्र फार तर ५०-६० किलोमीटर. तेवढ्यात वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी डोंगरावरून उतरतात आणि खाडी होऊन समुद्राला मिळतात. भरतीचं पाणी या खाड्यांतून पार आत चढतं. ते जिथे थांबतं तिथे आपली जुनी बाजारपेठेची गावं वसली. वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, सावित्रीवर महाड. गलबतं भरतीबरोबर इथवर यायची, माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. राजापूरला तर सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली होती. आज तिथली खाडी गाळाने भरली आहे.

आता मुंबई-गोवा महामार्ग कुठून जातो ते आठवा. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर. त्याच गावांवरून! नदी तिथे अरुंद होते, पूल बांधायला सोपं जातं. त्यामुळे महामार्ग आतल्या अंगाने गेला आणि त्याच्या पश्चिमेला समुद्रापर्यंतचा पट्टा खाड्यांनी तुकडे-तुकडे केलेला राहिला. या पट्ट्यातल्या रस्त्याने कुणी घाईघाईत गोव्याला जात नाही, कारण पुढे खाडी आडवी येते. त्या गावाला ज्याचं काम आहे तोच तिथे जातो. माझ्या लेखी कोकणातली सगळी शांतता या एका गोष्टीतून आली आहे.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला जाणारी सायकलवाट आहे, ३०० किलोमीटरहून जास्त लांबीची. काठावरून घोडे दोराने बोटी ओढायचे, त्या घोड्यांच्या जुन्या वाटांचा तिथे सायकलवाटेसाठी उपयोग झाला. आपल्याकडे गलबतं भरतीच ओढून आणायची, म्हणून काठाला अशी सलग वाट कधी पडली नाही. आपले रस्ते वाडीवाडीतून वळत, पऱ्यांवरच्या, म्हणजे ओढ्यांवरच्या, मोऱ्या ओलांडत जातात. सायकलीला ते अधिकच चांगले, असं मला मनापासून वाटतं.

संगमेश्वरहून डिंगणी-फुणगूसच्या बाजूला शास्त्रीच्या अंगाने निघा. थंडीत सकाळी नदीवर धुकं असतं आणि सातवीण, ऐन, किंजळ यांच्या खालून रस्ता ओलसर राहतो. वस्तीची एसटी पहाटेच गेलेली असते. मग बराच वेळ एखादी रिक्षा, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, शाळेला चाललेली मुलं, एवढीच वर्दळ. सायकलीच्या टायरचा आवाज ऐकू येतो म्हणजे काय, हे ज्याने महामार्गावरच सायकल चालवली त्याला सांगून कळणार नाही.

रस्ता एखाद्या देवराईला वळसा घालतो तिथे पेडल मारणं थांबवा. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे, ते तुटतं आणि पुन्हा वाढतं. जुनी, पोकळ्या पडलेली प्रचंड झाडं राहिली ती ग्रामदेवतेच्या धाकाने. धनेशाला घरट्यासाठी नेमकी तशीच ढोली लागते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर उंबराची, वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो, आठवड्यामागून आठवडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या वळणावर उभे राहिलात तर डोक्यावरून पंखांचा घरघराट जातो, आधी आवाज आणि मग पक्षी. गाडीच्या काचा वर असल्या की यातलं काही कानावर पडत नाही. हे ऐकायला मिळावं म्हणून तरी माणसाने एकदा सायकल काढावी.

आता कामाच्या गोष्टी. कोकणात सपाटी विसरा. खाडी समुद्राच्या पातळीला, सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, शंभर-दीडशे मीटर वर, आणि प्रत्येक खाडीला पुन्हा खाली उतरून पुन्हा चढायचं. पुढे लहान चकती आणि मागे ३४ दात्यांची असेल तर गुडघे वाचतात. टायर ३२ मिलिमीटरच्या आतला नको. पावसाळ्यात सावलीतल्या डांबरावर हिरवं शेवाळ धरतं, त्यावर ब्रेक दाबला की सायकल गेलीच. ते महिने मी लोकांना सुचवत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, वर्षअखेरची गर्दी सोडून. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेले पिकअप बागांतून निघतात, आणि त्यांना खरोखरच घाई असते.

वाऱ्याचंही गणित आहे. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी उलटा फिरतो आणि खारा वारा आत येतो. म्हणून सकाळी पश्चिमेला निघायचं, दुपारनंतर पूर्वेला परतायचं. दोन्ही वेळा वारा पाठीशी.

फाट्यावर संशय आला तर झाडं बघा. कडेच्या झाडांची पानं धुळीने तांबडी झाली असतील तर तो रस्ता चिरेखाणीचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीचा. डंपर येणार, मागे फिरा. पानं हिरवी असतील तर बिनधास्त जा.

आणि फेरीबोट. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा, सगळीकडे एकच प्रकार. बोट लागली की दहा-पंधरा गाड्या एकदम सुटतात आणि चढाला धूर सोडत जातात. आपण धक्क्यावर थांबायचं, पाणी प्यायचं, हवा तपासायची. दहा मिनिटांनी निघालं की पुढची बोट येईपर्यंत रस्ता मोकळा. बोटीत सायकल सोबत असली की गावची मंडळी आपणहून बोलतात, कुठून आलात, जेवलात का विचारतात, हाही एक फायदा.

आता थोडं काळजीचं. या खाड्यांवर आता मोठे पूल व्हायचे आहेत, रेवस ते रेडी सागरी महामार्ग सलग व्हायचा आहे. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून त्याची चर्चा आहे. पुलांना मी विरोध करणार नाही. रात्री बाळंतीण अडली आणि बोट बंद असली की काय होतं, हे काठावरच्या माणसांना विचारा. पूल त्यांच्या हक्काचा आहे.

माझं मागणं वेगळं आहे. पुलाला जोडणारा नवा रस्ता होईल तेव्हा नदीकाठचा जुना रस्ता आहे तसा ठेवा. आपले गावचे डांबरी रस्ते साधारण ३.७५ मीटर रुंदीचे. समोरून गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, कधी मागे घ्यावी लागते. म्हणूनच घाईतला माणूस तिकडे वळत नाही. तो रस्ता रुंद केला की आधी कडेची झाडं जातात, मग गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मग वेग येतो, आणि शाळेची मुलं कडेने चालायची बंद होतात. सायकलवाले कधीतरी येतात, ती मुलं रोज चालतात. खड्डे भरा, मोऱ्या नीट करा, शेवाळ खरवडा. रुंदी वाढवू नका. हे ठरवायला मंत्रालयात जावं लागत नाही. ग्रामसभेत ठराव मांडता येतो, रुंदीकरणाचा प्रस्ताव आला की सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवता येतं. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या गावी मतदार आहेत. पुढच्या ग्रामसभेला जाच.

ज्यांना रस्ता प्रत्यक्ष बघायचाय त्यांच्यासाठी, रविवारी सकाळी सहाला संगमेश्वर एसटी स्टँडवरून आम्ही निघतोय. गिअरची सायकल नसली तरी चालेल, चढाला आपण सगळेच उतरून चालू. पंक्चरचं सामान आणि दोन बाटल्या पाणी मात्र प्रत्येकाने आणा.