‘कळवतो’ म्हणाले, त्यानंतर

मघाशी एका मुलीने चिठ्ठी पाठवलीय: “मुलाखतीनंतर आपणच विचारलं तर आपण फार गरजू आहोत असं नाही का वाटणार?” अहो, नोकरी मागायला गेलो होतो, गरज आहे हे त्यांना ठाऊकच आहे! पण तिकडे काय चाललेलं असतं ते आधी ऐका. चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यांची भरती मी बरीच वर्षं आतून पाहिली आहे.

मुलाखती संपल्या की विभागप्रमुख दोन-तीन नावं क्रमाने लावतो. पहिल्याला ऑफर जाते. तो राजीनामा देतो, मग त्याचा नोटीस पिरियड. कुठे महिना, कुठे दोन. आयटीत तर कित्येक ठिकाणी ९० दिवस. तेवढ्या काळात दुसऱ्या नंबरच्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही, कारण पहिला येईलच याची खात्री नसते. बऱ्याचदा तो आपलं ऑफर लेटर दाखवून जुन्याच कंपनीत पगार वाढवून घेतो आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद! मग धावपळ. “दुसरा कोण होता हो?” त्या वेळी ज्याचा मेल वर दिसतो त्याला फोन जातो. म्हणजे तुम्हाला उत्तर आलं नाही, तेव्हा नकार झालेलाच असतो असं नाही. कधी जागाच बजेटसाठी अडकलेली असते, आणि ते उमेदवाराला सांगायची सोय नसते.

म्हणून उठतानाच विचारून घ्या: “साधारण कधीपर्यंत कळेल? आणि चौकशी कोणाकडे करू?” आठवडा म्हणाले तर वर दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग मेल करा. “सर, माझं काय झालं?” असे मेसेज एचआरच्या फोनवर ढिगाने पडलेले असतात, आणि खाली नाव नसतं. कोणाचं काय झालं, शोधायचं कसं? त्यापेक्षा असं लिहा:

“नमस्कार मॅडम. १२ तारखेला क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. गेज कॅलिब्रेशनबद्दल विचारलं होतं. तो कोर्स आता पूर्ण केला आहे, सर्टिफिकेट जोडलं आहे. निर्णय कधीपर्यंत होईल ते कळलं तर बरं होईल.”

खाली पूर्ण नाव, फोन नंबर. बस. यात त्यांना फाइलला लावायला एक नवा कागद मिळाला. पंधरा दिवसांनी आणखी एकदा विचारा, मग दुसरीकडे बघा. आणि एचआरचा नंबर मिळाला म्हणून रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका, हात जोडून सांगतो.

पोर्टलवर नुसता अर्ज टाकलाय, बोलावणं नाही, तर मेल करून फारसं काही होत नाही. तिथे काम करणारा कॉलेजचा सीनियर शोधा, त्याच्याकडून रेफरल घ्या.

सरकारी भरतीत फोनचा उपयोग शून्य. तिथे निकाल, प्रतीक्षा यादी आणि तिची मुदत, हे संकेतस्थळावर बघत राहायचं. आपले गुण हवे असतील तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे: दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासलेली आपली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. पुढे २०१८ मध्ये यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेबाबत मात्र असा सरसकट आग्रह धरता येणार नाही, असंही म्हटलं. तेव्हा अर्ज करा, पण मिळेलच असं धरून चालू नका.

आणि एक, हातात दुसरी ऑफर आली तर पहिल्या कंपनीला जरूर सांगा, “मला अमुक तारखेपर्यंत होकार द्यायचा आहे.” अडकलेली फाइल त्याने हलते, हे मी पाहिलंय. फक्त नसलेली ऑफर सांगू नका. इथले एचआरवाले एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात!