नऊ कुवली धान्य

अध्यक्षमहोदय, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

विद्यापीठाने मानव्यविद्यांतल्या कामाच्या सन्मानासाठी यंदा माझी निवड केली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माहितीपत्रकात ‘प्रकाशने’ हा रकाना भरताना मात्र सारखं जाणवत होतं की, माझं खरं काम या चौकटीत मावत नाही. ते वर्गात, तासाला घडलं. आज त्याबद्दलच बोलते.

इथून, अलिबागपासून, अक्षी जवळच. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा केसिदेवाचं नाव आहे. जुन्या मराठीचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला. त्यावर वाद झाले, ते होणारच. झिजलेला दगड आहे. मी वर्षानुवर्षं हा लेख भाषेच्या अंगाने शिकवत आले. ‘श्री’चं ‘स्री’, ‘पश्चिम’चं ‘पसीम’, ‘महालक्ष्मी’ची ‘महालषुमी’. कोरणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आणि म्हणूनच हजार वर्षांपूर्वीचा उच्चार आपल्या हाती लागतो. पुढे भइर्जु सेणुई या प्रधानाचं नाव येतं, मग ‘बोडणा’ हा शब्द आणि नऊ कुवली; कुवली हे धान्याचं जुनं माप. देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिलं, असा अर्थ लावतात. बोडण म्हणजे एक कुळाचार, एवढं सांगून मी पुढे जात असे.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, आमच्याकडे गेल्या महिन्यातच बोडण भरलं. दादाच्या लग्नानंतर.” मी खडू खाली ठेवला आणि तिला पुढे बोलावलं. परातीत देवी, दूध, दही, तूप, मध, साखर, पुरणाचा नैवेद्य, सुवासिनी आणि एक कुमारिका मिळून ते कसं कालवतात, कुमारिकेला देवी मानून “आणखी काय हवं?” असं कसं विचारतात, शेवटी ते गाईला कसं घालतात, हे तिने सांगितलं. वर्ग इतका शांत मी क्वचितच पाहिलाय.

इथे सावध राहिलं पाहिजे. शब्द तोच म्हणून विधीही तोच, असं म्हणता येत नाही. मध्ये हजार वर्षं आहेत. पण त्या दिवशी मला जे प्रश्न पडले, ते एकटीने लेख वाचताना कधीच पडले नव्हते. आज चित्पावन घरांत चार भिंतींच्या आत होणाऱ्या या आचाराला तेव्हा राज्याचा प्रधान धान्य का देतो? ते धान्य कोण शिजवत होतं? दगडावर प्रधानाचं नाव आहे, तिथे एकाही बाईचं नाव का नसावं?

मग मुलांनी घरोघरी विचारून वह्या भरायला सुरुवात केली. माझी अट एकच होती: आजी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपला सारांश नको.

ही शिस्त मी धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांच्याकडून घेतली. चिपळूणजवळ जन्मलेला, दापोलीत शिकलेला, पुढे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिकवणारा हा माणूस. ‘व्यवहारमयूख’ या जुन्या संस्कृत कायदेग्रंथाची प्रत संपादित करताना त्याला जोडायला धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहावा, एवढाच त्यांचा बेत होता. त्यातून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड झाले. पहिला १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली, आणि पृष्ठं साडेसहा हजारांच्या वर. पानापानाखाली मूळ संस्कृत वचनं दिलेली. वाचकाला काण्यांचं मत पटलं नाही, तर त्याच पानावर त्याला स्वतः ताडून पाहता येतं. एवढा विश्वास वाचकावर टाकणं मला फार मोठं वाटतं.

आमच्या वह्या विभागाच्या कपाटात आहेत. पावसाळ्यात कपाटाला ओल येते, दोन वह्यांची शाई फुटलीसुद्धा. या सन्मानाच्या रकमेतून आधी त्या सगळ्यांच्या प्रती काढून घेणार आहे.

त्या मुलीच्या आजी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझ्या टिपणातल्या तीन चुका त्यांनी दुरुस्त केल्या आहेत. बोडणाबद्दल काही विचारायचं असेल तर आता त्यांना विचारा.