कवळी हलते, तेव्हा

दंतवैद्य मित्रहो, कवळ्या तुम्ही करताच, क्राउन-ब्रिज (दातांवरच्या टोप्या आणि पक्के बसवलेले कृत्रिम दात) तर रोजचेच. मग प्रोस्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्राच्या, पदव्युत्तर शिक्षणात आणखी वर्षं कशाला घालवायची, असं मला नेहमी विचारतात. त्यावर मी माझ्या शिकण्याच्या काळातली एक केस सांगतो.

खालची कवळी हलते, चावताना दुखते, अशी तक्रार घेऊन एक आजी आल्या होत्या. मी रिलाइनची, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर देऊन ती घट्ट बसवण्याची, तयारी केली. सरांनी हातातला माप घ्यायचा ट्रे काढून घेतला आणि म्हणाले, "आधी त्यांना बोलू दे." आजींना एकसष्टपासून सदुसष्टपर्यंत मोजायला सांगितलं. प्रत्येक 'स'ला वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटत होते. जबडा सैल सोडल्यावर दातांमध्ये 2 ते 4 मिलिमीटरची मोकळी जागा राहायला हवी, ती उरलीच नव्हती. म्हणजे हिरड्यांचं माप ठीक होतं, दातांची उंची जास्त झाली होती. रिलाइन केलं असतं तर ती आणखी वाढण्याचीच शक्यता होती.

या शिक्षणात मुख्यतः हेच घडतं. ट्रे उचलण्याआधी थांबायची सवय लागते. हाताचं कौशल्य सरावाने येतंच हो, पण आपलं निदान कुठे चुकलं हे दाखवणारा माणूस शेजारी असणं फार मोलाचं आहे.

आता संशोधनाबद्दल. संशोधक टॅलग्रेन यांनी 1972 साली कवळी वापरणाऱ्यांचा 25 वर्षांपर्यंतचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. जबड्याच्या पुढच्या भागात खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेलं आढळलं. हे वाचलं की खालच्या कवळीकडे बघण्याची दृष्टीच बदलते. आज बसलेली कवळी उद्याच्या हाडावर बसणार नाही, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगावंसं वाटतं.

उलट, फेसबो (वरचा जबडा सांध्याच्या संदर्भात कुठे आहे ते नोंदवणारं उपकरण) आणि दोन टप्प्यांचं माप (आधी ढोबळ, मग बारीक) या गोष्टी आम्ही श्रद्धेने शिकवतो. पण त्या वगळून सोप्या पद्धतीने केलेल्या पूर्ण कवळ्यांवरही पेशंट तितकेच समाधानी असल्याचं यादृच्छिक चाचण्यांत दिसलं आहे. शिक्षक म्हणून मला हे पचायला जड गेलं. तरी विद्यार्थ्यांना मी ते सांगतोच, कारण अवघड केसमध्ये फेसबो कधी हवा, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.

प्रबंधाचा विषय निवडताना घाई करू नका. प्रयोगशाळेत चिकटवलेले नमुन्याचे ठोकळे तोडून चिकटण्याची ताकद मोजणं सोयीचं असतं, वेळेत उरकतं. त्याचाही उपयोग आहे. पण स्वतः बसवलेल्या वीस ब्रिजचे पेशंट परत बोलावून, किती सुटले, कुठे कीड शिरली, कुठे पोर्सेलीन उडालं हे लिहून काढणं मला जास्त मोलाचं वाटतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एक दिवस जाऊन बसा. मेणावर दात विद्यार्थी स्वतः मांडतात की सगळं बाहेरच्या लॅबला जातं, ते बघा. आणि पाच वर्षांपूर्वीच्या पेशंटांच्या नोंदी दाखवायला सांगा.