विटकरी की अस्मानी?

नमस्कार मंडळी!

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी शेडकार्डं निघतात आणि वादाला तोंड फुटतं. आमच्याकडे यंदा पश्चिमेच्या खोलीवरून जुंपली. मला विटकरी हवा, हिला अस्मानी. कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावर दोघंही ठाम! शेवटी रंगाऱ्यानं सुचवलं की दोन्हींचे लहान डबे आणा, भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि चार दिवस नुसते बघा. हात मात्र दोन मारायचे. एका हातात खालची पुट्टी डोकावते.

सकाळी अस्मानी शांत वाटायचा, विटकरी जडशीळ. दुपारी तीननंतर ऊन भिंतीवर आलं आणि विटकरी असा पेटला की शेजारच्या पलंगावरची पांढरी चादरही गुलाबी दिसू लागली. मी खूश. ही म्हणाली, "मे महिन्यात बसून दाखवा इथे."

खरी गंमत तिन्हीसांजेला झाली. दिवा लावायचा राहिला होता. बघता बघता विटकरी काळवंडला, अस्मानी मात्र कितीतरी वेळ उजळ राहिला. ही करामत भिंतीची नाही, आपल्या डोळ्यांची. अंधारू लागलं की डोळ्यातल्या दंडाकार पेशी कामाला लागतात. त्यांना तांबडा जवळपास दिसतच नाही, निळसर छटा चांगल्या दिसतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे १८२५ मध्येच लिहून ठेवलंय.

मग दिवे लावले. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप) पिवळसर बल्बखाली विटकरी खुलला, अस्मानी हिरवट, मळकट झाला. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली नेमकं उलट. म्हणजे रंगाच्या आधी दिवा ठरवायला हवा होता!

तेवढ्यात मला आजोळचं घर आठवलं. तिथे भिंतीला वर चुना, आणि चुन्याचा पिवळटपणा मारायला त्यात चिमूटभर नीळ. खाली कमरेइतका गेरूचा पट्टा, टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डोक्यांचे डाग लपवायला. दोन्ही रंग एकाच भिंतीवर, भांडण नाही.

आम्हीही तेच ठरवलं. खाली तीन फूट विटकरी, वर अस्मानी. पण मधली रेघ आखायला रंगाऱ्यानं लेव्हल लावली, तेव्हा कळलं की फरशीच एका बाजूला उतरती आहे. आता ती रेघ लेव्हलप्रमाणे ठेवायची की फरशीप्रमाणे, यावर आमची चर्चा चालू आहे.