डॅगरफॉल: रिलीज १९९६ ला, पूर्ण २०२३ ला

ऑल्ट दाबून एफ११. डॅगरफॉल या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये ही की कशासाठी आहे माहितीये? तुम्ही जमिनीतून खाली पडलात की वर यायला. कथेतली दरी वगैरे नाही हां, डन्जनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे नेमका पाय पडला तर कॅरेक्टर आरपार जातं आणि खाली काळ्या पोकळीत पडतच राहतं. आता सगळ्या फटी कोण बुजवत बसणार, म्हणून गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने पडलेल्याला परत वर काढणारी कीच देऊन टाकली.

ही बेथेस्डा मुळात आरपीजीवाली, म्हणजे एक कॅरेक्टर घेऊन त्याची ताकद वाढवत खेळायच्या गेमची, कंपनी नव्हतीच. स्पोर्ट्स गेम, टर्मिनेटरचे गेम असलं काढायचे. १९९४ ला त्यांचा अरीना आला, एल्डर स्क्रोल्स सिरीजचा पहिला गेम. सुरुवातीचा प्लॅन असा होता की ग्लॅडिएटरची टीम घेऊन गावोगाव फिरायचं आणि आखाडे जिंकायचे, पण बनवता बनवता साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या कामगिऱ्या, वाढल्या, डन्जन वाढले आणि शेवटी आखाडाच गेममधून गायब झाला. नाव मात्र अरीनाच, म्हणजे आखाडाच, राहिलं कारण तोपर्यंत जाहिरातीचं सामान छापून झालेलं. मग काय, कथेतच घुसवलं की हे साम्राज्य इतकं मारामारीचं आहे की लोक त्यालाच आखाडा म्हणतात. भारी जुगाड.

त्यानंतर ज्युलियन लेफे आणि टेड पीटरसन या जोडीने सिरीजचा दुसरा गेम, म्हणजे डॅगरफॉल, हातात घेतला आणि कुठे थांबायचं हे बहुतेक कोणी ठरवलंच नाही. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम, बदलून पूर्ण थ्रीडी एक्सएनजिन घेतलं. राक्षस मारून पॉइंट मिळवायची पद्धत काढून टाकली, जे स्किल वापराल तेच वाढेल. त्यामुळे लोक गावात सरळ चालायचेच नाहीत, उड्या मारत फिरायचे, जंपिंग वाढावं म्हणून. पुढे याच सिरीजच्या स्कायरिमपर्यंत हीच आयडिया चालली, त्याचं मूळ इथे.

आणि मग तो नकाशा. इलियाक बे, हाय रॉक आणि हॅमरफेलच्या मधला आखात, ४४ प्रदेश, आणि गावं, मंदिरं, डन्जन सगळं धरून जवळपास १५,००० ठिकाणं. एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं म्हटलं तर बसा खुर्चीत, म्हणून फास्ट ट्रॅव्हल, नकाशावर ठिकाण निवडा की थेट तिथे. प्रत्येक प्रदेशाची बँक वेगळी, कर्ज काढता येतं, घर घेता येतं, जहाज पण. एका प्रदेशात कर्ज बुडवलंत तर तिथे तोंड दाखवायची सोय नाही. व्हँपायर होता येतं, वेअरवुल्फ होता येतं. १९९६ मध्ये, एमएस-डॉस या जुन्या सिस्टिमवर.

इतकं सगळं हाताने बनवणं शक्यच नव्हतं. डन्जनचे तयार तुकडे होते, ते कॉम्प्युटरने वेगवेगळ्या पद्धतीने एकमेकांना चिकटवले, म्हणून ऑटोमॅप, म्हणजे गेम आपोआप काढतो तो नकाशा, उघडलात की मांजरानं विस्कटलेला लोकरीचा गुंडा दिसतो. क्वेस्टचं पण तसंच. साच्यात फक्त एवढंच लिहिलेलं की अमुक वस्तू एका डन्जनमध्ये आहे, कुठल्या आणि त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात ते गेम त्या वेळी ठरवणार. आता सांगा, टेस्टिंग कसं करायचं? एका माणसाला क्वेस्ट बरोबर मिळते आणि दुसऱ्याला तीच क्वेस्ट अशा खोलीत पाठवते जिथे जायला दारच नाही. लोक डॅगरफॉलच्या बग्जला बेथेस्डाचा आळस म्हणतात, मला ते पटत नाही. गेम ज्या गोष्टीमुळे एवढा मोठा झाला त्याच गोष्टीमुळे तो तपासता येत नव्हता.

अर्थात त्यामुळे गिऱ्हाइकाचा त्रास काही कमी झाला नाही. गेम आला तेव्हा सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये मेन क्वेस्ट मध्येच अडकायची, सेव्ह फाइल खराब व्हायच्या, इतक्या की कंपनीने सेव्ह दुरुस्त करायचा वेगळा प्रोग्रॅम काढला, फिक्ससेव्ह नावाचा. लोकांनी गेमचं नाव बगरफॉल ठेवलं. दुरुस्तीचे पॅचवर पॅच येत शेवटचा आकडा १.०७.२१३ वर थांबला. आणि हे सगळं अशा काळात की घरोघरी इंटरनेट नाही, ज्याच्याकडे पॅच पोचला नाही तो बसला अर्धवट गेम घेऊन.

गंमत म्हणजे काही गोष्टी बग वाटतात पण नसतात. सुरुवातीला लेडी ब्रिझिएनाचं पत्र येतं, भेटायला बोलावलेलं असतं, तुम्ही म्हणालात जाऊ निवांत, तर मुदत संपते आणि मेन क्वेस्टच हातातून जाते. गेम काही बोलत नाही, तुम्ही आपले उंदीर मारत फिरताय.

तरी लोक सोडून का गेले नाहीत, त्यासाठी एकदा रात्री डॅगरफॉल शहरात उभं राहून बघा. रस्ते रिकामे, दुकानं बंद, आणि अंधारातून आवाज येतो, व्हेंजन्स! मेलेल्या लायसँडस राजाचं भूत. ग्राफिक्स म्हणाल तर चौकोनी ठिपके, पण हेडफोन लावून ऐकलं की अजूनही मान मागे वळते.

कथेच्या शेवटी एक प्रचंड ताकदीची वस्तू कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवता, म्हणून शेवट बरेच आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. पुढच्या गेमसाठी खरा कुठला धरायचा? बेथेस्डाने सांगितलं सगळेच खरे, त्या वेळी काळच मोडला होता. वॉर्प इन द वेस्ट म्हणतात त्याला. २००२ ला सिरीजचा पुढचा गेम मोरोविंड आला तो एका बेटावर, आकाराने डॅगरफॉलपुढे अगदीच छोटा, पण हाताने बनवलेला, आणि तिथून कंपनीने रस्ता बदलला तो कायमचा.

डॅगरफॉल मात्र मागे राहिला. २००९ ला सिरीजला १५ वर्षं झाली म्हणून बेथेस्डाने तो फुकट करून टाकला, अरीना तर २००४ लाच केला होता. फुकट झाला तरी डॉसचे गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा डॉसबॉक्स लावा, सेटिंगशी झटापट करा, बग होतेच. २०२२ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर पण आला, तोही फुकट, पण आतून तोच जुना गेम.

खरं काम दुसरीकडे चालू होतं. गॅव्हिन क्लेटन, नेटवर इंटरकर्मा म्हणून ओळखतात, आधी नुसता डॅगरफॉलच्या फाइली उघडून बघायची टूल्स बनवायचा. मग त्याने पूर्ण गेम युनिटी इंजिनमध्ये परत लिहायला घेतला, सोबत इतर लोक जोडले गेले, आणि ३१ डिसेंबर २०२३ ला डॅगरफॉल युनिटीचं १.० व्हर्जन आलं. मूळ गेमनंतर २७ वर्षांनी, आणि बनवलं कोणी तर खेळणाऱ्यांनी. आता लांबचे डोंगर दिसतात, खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल, म्हणजे मॉड, चालतात, आणि डन्जन छोटे करायचा पर्याय आहे, तो चालू करा, उगाच शूरपणा नको. लेफे २०२५ मध्ये वारले. शेवटी पीटरसनबरोबर द वेवर्ड रेल्म्स नावाच्या नवीन गेमवर काम करत होते, तोही असाच अवाढव्य.

खेळायचा असेल तर स्टीमवरून मूळ गेम उतरवा, युनिटी व्हर्जनला त्याच्या फाइली लागतात. कॅरेक्टर बनवताना भूतकाळाबद्दल प्रश्न येतात, त्यात एबनी डॅगर, म्हणजे भारी धातूचा खंजीर, मिळायचा पर्याय दिसला की डोळे झाकून तोच निवडा. कारण पहिल्याच डन्जनमध्ये, प्रायव्हेटियर्स होल्डमध्ये, एक इम्प, म्हणजे छोटा राक्षस, बसलाय, लोखंडी हत्याराने त्याला ओरखडासुद्धा पडत नाही आणि नवीन माणूस हमखास तिथेच मरतो.