डोंगर किती काळ टिकतो

हा दगड जवळून पाहा. काळ्या खडकात उमटलेलं हे वेटोळं म्हणजे ॲमोनाइट, समुद्रात पोहणारा कवचधारी जीव. हे चित्रण मात्र हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या खोऱ्यातलं आहे, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवरचं. एव्हरेस्टचा माथासुद्धा समुद्रतळावर साचलेल्या चुनखडीचाच. भारतीय भूपट्ट, म्हणजे आपला देश ज्यावर आहे तो भूकवचाचा प्रचंड तुकडा, उत्तरेकडे सरकत सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाला घड्या पडत गेल्या. ती टक्कर संपलेली नाही. आजही हिमालयाच्या दोन्ही बाजू वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरनं जवळ येताहेत.

पण खडक वर आला, उघडा पडला, की त्याच दिवसापासून झिजू लागतो. कड्यातली ही फट बघा. दिवसा बर्फ वितळून पाणी आत उतरतं, रात्री ते गोठतं आणि गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं. फट किंचित रुंदावते. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी खोल जातं. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि मग एका दुपारी हे असं होतं... अख्खा धोंडा सुटून खाली येतो. पुढचं काम नदीचं: धोंड्याचा गोटा, गोट्याची वाळू, वाळूचा गाळ. पाण्याचा हा राखाडी रंग म्हणजे हिमालयच आहे, वाहत निघालेला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा त्याला बंगालच्या उपसागरात नेऊन टाकतात. तिथे समुद्रतळावर या गाळाचा पंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब पसरलाय.

इतकी झीज अखंड चालू असताना डोंगर उरतात तरी कसे?

याचं उत्तर हिंदुस्थानच्या जमीनमोजणीत सापडलं, एका साध्या ओळंब्यामुळे. एकोणिसाव्या शतकात कल्याणपूर आणि कलियाना या मोजणीच्या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं, एकदा जमिनीवर मोजून आणि एकदा ओळंब्याच्या आधारे ताऱ्यांवरून, आणि दोन्ही उत्तरं जुळेनात. हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, असं गणितज्ञ धर्मगुरू जॉन प्रॅट यांनी मांडलं. त्यांनी गणित केलं तर निराळंच कोडं पुढे आलं. ओळंबा जितका ओढला जायला हवा होता, त्याच्या जेमतेम एक तृतीयांशच फरक पडला होता. १८५५ साली इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उलगडा केला: डोंगराखाली त्याच्याच हलक्या खडकाचं खोल मूळ आहे, आणि ते खालच्या जड थरात बुडून डोंगराला तोलून धरतं. माल उतरवला की होडी पाण्यातून वर येते, तसं इथेही होतं. अख्ख्या रांगेवरून १०० मीटर खडक झिजून गेला, की खालून साधारण ८० मीटर वर येतो. उंची घटते ती फक्त २० मीटरनं. म्हणून डोंगर सपाट व्हायचा, तर त्याच्या उंचीच्या पाच-सहा पट खडक वाहून जावा लागतो. आपल्याला दिसतो तो माथा त्यामुळे नवाच असतो. कधीकाळी तो खोल पोटात दडलेला होता.

टक्कर थांबल्यावर मात्र हे मूळही हळूहळू सरत जातं. उत्तर अमेरिकेतली ॲपलेशियन रांग सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी उत्तुंग होती. आज तिचं सर्वोच्च शिखर, माउंट मिचेल, २,०३७ मीटरचं आहे. अरवली त्याहून पुरातन. तिचे खडक १०० कोटी वर्षांहून जुने, आणि सर्वात उंच गुरुशिखर १,७२२ मीटर. मऊ खडक कधीच गेले. उरलेत ते हे क्वार्टझाइट या अतिकठीण खडकाचे कणे. हाताएवढा तुकडा फोडायचा तरी घण उसळून परत येतो. इतक्या पावसाळ्यांना हा दगड पुरून उरलाय.

आणि ही खाण. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अहवालानुसार, राजस्थानातल्या अरवलीच्या पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्या होत्या. धूळ आसपासच्या वस्त्यांवर बसते, भूजल खाली जातं.

खालून वर उचललं जाणं घडतं ते शेकडो किलोमीटरच्या रांगेचं ओझं लाखो वर्षांत उतरतं तेव्हा. एका टेकडीपुरतं भूकवच हलत नाही. तिचा भार पेलण्याइतकं ते ताठ असतं. अरवलीखाली आता टक्करही चालू नाही. सुरुंगानं उडवलेल्या या टेकडीच्या जागी खालून काहीही वर येणार नाही.